म्हशीच्या तोंडात हात

माकणीजवळ, ता. लोहारा
१६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला आवडत नाहीत. म्हणून ठरल्याप्रमाणं कागदावर लिहितेय. एसटीच्या इंजिनानं तुमचे कान खाल्ले आणि शिक्षा माझ्या बोटांना!

इथल्या जनावरांच्या दवाखान्यात येऊन दोन आठवडे झाले. साडेचार वर्षं विद्यापीठानं डोक्यात भरलं, आता या शेवटच्या वर्षात ते हातात उतरवायचं, असं आमच्या अनसूया मॅडम म्हणतात. आधी नुसती हाडं ओळखायला शिकलो, मग मेलेलं जनावर चिरून बघितलं, मग कॉलेजच्या दवाखान्यात सरांच्या पाठीमागं उभं राहून जिवंत जनावर. आता गावात, आणि पुढं उभं राहून. इथले डॉक्टर उत्तरेश्वर सर फार बोलत नाहीत, पण रोज एक जनावर दाखवून म्हणतात, "हे तुझं. सांग काय झालंय."

काल तर सर नव्हतेच. लसीकरणाला लांबच्या वस्तीवर गेले होते. तेवढ्यात माणिकप्पा नावाचे एक शेतकरी आले. त्यांची म्हैस दोन दिवस काही खाईना, तोंडातनं लाळ गळत होती, पाणी पुढं केलं तर नुसतं तोंड बुडवायची, घोट जात नव्हता. सरांना फोन लागेना. मी गेले.

मामा, मी एकटीनं म्हैस बघितली! मला वाटलं, मक्याचं कणीस घशात अडकलंय. दोघांनी तिला धरलं, मी जबडा उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. कणीस नव्हतंच. तोंडात थोडं सोललेलं वाटलं. मी सांगितलं, "तोंड आलंय, घाबरायचं कारण नाही. मऊ भाकरीचा काला करून हातानं भरवा." माणिकप्पांच्या आई, शिवम्मा आजी, तोंडावर पदर धरून हसल्या. म्हणाल्या, "आजवर लई डॉक्टर बघितले, पण म्हशीच्या तोंडात हात घालणारी पोरगी बघितली न्हाय." येताना मला घरचं ताक पाजलं.

दाढेनं माझी दोन बोटं खरचटली आहेत, तेवढंच. अक्षर म्हणून वाकडं आलंय.

तुमची
संघप्रिया

*

धाराशिव
२० जानेवारी

चि. संघप्रिया,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र पोचलं. म्या ते तीनदा वाचलं आणि मग गल्लीत तिघांला वाचून दाखवलं. आपली जाई हाय ना, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढती ती, तिला तर म्हशीचा भाग दोनदा वाचून दाखवला. तुझी आई आज असती तर तिनं आधी तुला आंघोळ घातली असती आणि मग कौतुक केलं असतं.

म्या तीस वर्सं गाडी हाकली. पहिल्यांदा एकट्याच्या हातात स्टेअरिंग आलं तो दिवस अजून ध्यानात हाय. येडशीच्या घाटात माझी खाकी घामानं भिजली व्हती, आणि लोकं म्हणत व्हते काय झकास चालवतो. तुझं बी तसंच झालं म्हणायचं.

बोटाला हळद लाव. म्हैस खायला लागली का ते कळव. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग.

तुझा मामा
आबाराव

*

माकणीजवळ
२३ जानेवारी

प्रिय मामा,
जय भीम.

म्हैस मेली.

इकडं काम वाढलंय, सवडीनं लिहीन. बोटं बरी आहेत. तुम्ही इकडं यायचा विचार करू नका, इथं राहायची सोय नाही.

मामा, आमच्या लहानपणी गल्लीत कुणाला कुत्रं चावलं होतं का? त्याचं पुढं काय झालं, आठवत असेल तर लिहा. सहज विचारते आहे, अभ्यासासाठी.

संघप्रिया

*

धाराशिव
२७ जानेवारी

चि. संघप्रिया,
आशीर्वाद.

कुत्र्याबित्र्याचं मला काय आठवत न्हाय. आठवत असतं तरी आज लिवलं नसतं, कारण आज मलाच तुला इचारायचं हाय.

जाईनं तुला सरकारी दवाखान्यात पाह्यलं. एकदा न्हाय, दोनदा. हाक मारली तर तू तोंड फिरवून गेलीस म्हणती. आपलं घर तिथनं किती लांब हाय, सांग बरं. तू धाराशिवात येतीस, आणि मामाच्या दारात न येता माघारी जातीस?

तुला कुणी काय बोललं का? कुणी फशिवलं का? कुणा पोराचा इषय असंल तर तसं लिव. म्या रागावनार न्हाय. रागावलो तरी ऐकून घीन. कसला आजार असंल तर तेबी लिव. कसलंबी असू दे. पण गप बसू नको. म्या बहिरा हाय, आंधळा न्हाय. त्या पत्रात चारच वळी व्हत्या आणि शेवटाला 'तुमची' लिवायचं तू इसरलीस.

माझ्या मनात नाही नाही ते येतंय.

मामा

*

माकणीजवळ
३० जानेवारी

प्रिय मामा,

कुणी पोरगा नाही. असता तर बरं झालं असतं.

ती म्हैस पिसाळलेली होती.

सगळं सांगते. सतरा तारखेला उत्तरेश्वर सर आले, तेव्हा मी फुशारकीनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मला गाडीवर मागं बसवून माणिकप्पांच्या गोठ्यात नेलं. म्हैस घोगऱ्या आवाजात सारखी ओरडत होती आणि खुंट्यावर डोकं आपटत होती. मी आत पाऊल टाकलं तशी सरांनी कॉलर धरून मला मागं ओढलं. पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "हात घातलास? उघडा?"

तिथंच त्यांनी साबण मागून घेतला आणि पंधरा मिनिटं माझे हात नळाखाली धरून ठेवले. घरातल्या सगळ्यांना तसंच हात धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी म्हैस मेली. मेंदूचा तुकडा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथनं जे यायचं तेच आलं.

मामा, या रोगावर मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं. लाळ गळणं, गिळता न येणं, आवाज बदलणं. 'घशात काही अडकल्याचा भास होतो, अशा जनावराच्या तोंडात कधीही उघडा हात घालू नये,' हे वाक्य माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली होती. पण परीक्षेत रोगाचं नाव प्रश्नातच दिलेलं असतं. गोठ्यात म्हैस नाव सांगत नाही. मला फक्त कणीस दिसत होतं.

अनसूया मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिसऱ्या वर्षाला तुम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून इंजेक्शनं का दिली होती? याच दिवसासाठी. तुझ्या अंगात आधीची तयारी आहे. आता वरची दोन घे, बास." त्यांनी धाराशिवच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, म्हणून तिकडं आले. दोन्ही झाली. रिक्षानं आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. पण तुम्ही ओट्यावर बसून पेपर वाचत होता. तुमच्यासमोर आले असते तर रडले असते, म्हणून रिक्षा वळवायला लावली.

मला काही होणार नाही, हे मला माहीत आहे. पुस्तकात आहे, मॅडम सांगतात, डॉक्टर सांगतात. पण रोज सकाळी उठले की मी पेला भरून पाणी घेते आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत श्वास धरून बसते. उतरला की दुसरा घोट. काल ठसका लागला, तर हातातला पेलाच पडला. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

तरी ही माझी भीती लहान आहे. खरी भीती वेगळीच आहे.

शिवम्मा आजींनी दोन दिवस त्या म्हशीला काला भरवला. हातानं. मी सांगितलं म्हणून. थंडीनं त्यांची बोटं फुटलेली आहेत, चिरांतनं रक्त येतं. घरातल्या बाकीच्यांनी सरांचं ऐकून दुसऱ्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. आजी मात्र ऐकायला तयार नाहीत. सर गेले, मी गेले, गावातली आशाताई गेली. "मला कुत्रं कुठं चावलंय?" एवढंच म्हणतात. मी फार मागं लागले, तर म्हणाल्या, "तूच म्हणलीस ना, घाबरायचं कारण न्हाय म्हणून? मग मी घाबरत न्हाय, जा."

मामा, त्यांना एकदा तो रोग सुरू झाला, तर जगात कुठंही त्याच्यावर औषध नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या दारावरनं जाते. त्या चुलीपुढं बसून चहा पिताना दिसल्या की मला चालता येतं. दिवस जातायत. मी काय करू?

तुमची
संघप्रिया

*

धाराशिव
६ फेब्रुवारी

चि. संघप्रिया,
आशीर्वाद.

परवाचा दिवस डोळ्यांपुढनं हालत न्हाय, म्हणून लिवतोय.

तुझं पत्र दुपारी आलं. दुसऱ्या सकाळची पहिली गाडी धरली. तू 'येऊ नका' लिवलं व्हतंस, पण त्ये आधीच्या पत्रात. दवाखान्याच्या दारात मला बघून तुझं तोंड पांढरं पडलं, त्ये पाह्यलं म्या. तुझा हात हातात घेतला तर बरफ.

पण एक इचारायचं राहूनच गेलं. त्या म्हातारीपुढं तू मला बसवलंस, म्या माझं भाषण ठोकलं, आणि ती लई येळ काय काय बोलत व्हती. मला एक शबुद आला न्हाय. मग तिनं लुगड्यावरनं पोटावर बोट टोचून दाखवलं, हितं, हितं, हितं, बेंबीभवती गोल. तवा माझ्या ध्यानात आलं तसं म्या मान हालवली आणि दंडावर बोट ठेवून दाखवलं. आणि ती एकदम रडायलाच लागली. तू बी रडाय लागलीस. म्या मधी बसून दोघींकडं बघतोय! पुढचं तुला ठावं हाय, दुसऱ्या दिवशी माणिकप्पा तिला घिऊन आपल्याबरोबर धाराशिवच्या गाडीत.

तर ती काय बोलत व्हती? सुई टोचताना तिनं माझं मनगट धरलं व्हतं, तवा बी काय तरी वरडत व्हती. सगळं लिव.

मामा

*

माकणीजवळ
१० फेब्रुवारी

प्रिय मामा,
जय भीम.

तुम्हाला न आलेलं सांगते.

तुम्ही आधी म्हणालात, "आक्का, माझी भाची भ्याली हाय, तिच्यासाठी तरी चला." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमची भाची शिकलेली हाय, तिला काय भ्या?" तुम्ही हसून मान डोलावलीत, कारण तुम्हाला काहीच कळलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मामा, बहिऱ्या माणसापुढं माणूस मोकळा बोलतो बहुतेक. त्या तुमच्याकडं तोंड करून, मी तिथं नसल्यासारखं, बोलायला लागल्या.

त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी कुत्रं चावलं होतं. त्याला पोटात चौदा इंजेक्शनं दिली. रोज एक. चौघं त्याला धरायचे आणि पाय धरायला ह्यांना बसवायचे. "त्याचं पोट घागरीवानी सुजलं व्हतं. माझ्याकडं बघून 'अक्का, सोड' म्हणायचा. म्या सोडलं न्हाय," असं म्हणत त्या पोटावर बोट टोचून दाखवत होत्या. भाऊ वाचला, पण त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही.

आम्ही सगळे जवळजवळ तीन आठवडे त्यांना रोग समजावत होतो. त्यांना रोग कळला होता. त्या सुईला भीत होत्या. कॉलेजात आम्हाला शिकवलंय की जनावर बोलत नाही, म्हणून मालकाला विचारा, आणि नीट विचारा. मी 'का घेत नाही' एवढंच विचारत होते. 'कशाला भिता' असं एकदाही विचारलं नाही. तुम्ही दंडावर बोट ठेवलंत तेव्हा त्या म्हणाल्या, "हितं? नुसतं हितं? यव्वा, मग आधी का न्हाय सांगितलं?"

बोटांच्या चिरांत सुईनं सोडलेलं औषध मात्र दुखतंच. तेव्हा त्या ओरडत होत्या, "ह्या बहिऱ्याला कुणी तरी सांगा, ह्यानं मला फशिवलं!"

बाकीची इंजेक्शनं इथंच जवळच्या दवाखान्यात होतील. मी प्रत्येक वेळी बरोबर जाणार आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. त्यांच्या त्या 'फार'वर मी दोन रात्री झोपलेले नाही.

तुमची
संघप्रिया

*

माकणीजवळ
९ मार्च

प्रिय मामा,
जय भीम.

त्या म्हशीचं एक रेडकू होतं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सरांनी त्याला लगेच लस टोचली होती आणि वेगळं बांधायला लावलं होतं. पण आईच्या तोंडाला ते दोन दिवस चाटत होतं.

परवा सकाळी माणिकप्पा आले. मला बघून म्हणाले, "रेडकू पाणी पिईना." सर त्या दिवशी पुन्हा बाहेर. मामा, मला वाटलं, आपण इथनंच पळून जावं, धाराशिवला, तुमच्याकडं, आणि परत जनावराचं तोंड बघू नये.

गेले. आत नाही गेले. गोठ्याच्या दाराच्या बाहेरनं बघितलं. रेडकू मान वाकडी करून उभं होतं, लाळेची तार लोंबत होती, आणि त्याचा आवाज… तो आवाज मी ओळखला. माणिकप्पा बादली घेऊन आत निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. "कुणी आत जायचं नाही." माझा आवाज इतका फाटला की शेजारची माणसं जमली. कुणी म्हणालं, लहान जीव हाय, पाणी तरी दाखवा. शिवम्मा आजी तर लुगडं खोचून पुढंच आल्या. रेडकू त्यांच्या हातावर वाढलेलं. मी त्यांना कमरेला धरलं. त्या मला ढकलत होत्या, मी सोडलं नाही. हळूहळू त्या ढकलायच्या थांबल्या आणि दारातच खाली बसल्या. मीही बसले.

सर येईपर्यंत दारातनं हलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. हातमोजे, गमबूट घालून आम्ही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. कुणाचाही हात लागला नाही.

सरांनी विचारलं, "आत का नाही गेलीस?"

"भीती वाटली, सर."

"बरं केलंस," म्हणाले आणि जीपमधनं डबा काढून त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. सकाळपासनं काही खाल्लं नव्हतं, ते तेव्हा आठवलं.

तुमची
संघप्रिया

*

धाराशिव
१४ मार्च

चि. संघप्रिया,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. जाईला दर दोन दिसांनी इचारतो, असं किती दिस धोका असतो गं? ती म्हणती, मामा, गेलंय सगळं, आता झोपा. म्या व्हय म्हणतो आणि झोपत न्हाय.

एक गोष्ट बोलतो. तुला जनावराची डॉक्टर व्हायचं व्हतं, तवा म्या मनातनं नाराज व्हतो. वाटायचं, शेणामुतात हात घालायला एवढं शिकायचं? आता नाराज न्हाय. आता नुसतं भ्या वाटतं. पर पोरी, भ्यालो तरी माघारी ये म्हणून लिवणार न्हाय. तेवढं ध्यानात ठिव.

मामा

*

माकणीजवळ
१७ ऑगस्ट

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

गेल्या आठवड्यात कॉलेजात जाऊन आले. अनसूया मॅडमनी मला तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "सगळं सांग, कणसापासनं." मी सांगितलं. वर्गात आधी कुजबूज होती, म्हशीच्या तोंडापर्यंत आले तशी ती थांबली. त्यानंतर मुलं इंजेक्शनच्या रांगेत उभी राहिली. आमच्या वेळी त्या रांगेत आम्ही एकमेकांना चिमटे काढत हसत होतो. ही मुलं गप्प होती. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

माझं इथलं काम संपत आलंय. पण त्याआधी विद्यापीठानं इथं कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर ठेवलंय, तीच तिसऱ्या वर्षाची मुलं शिकायला येणार आहेत, आणि त्यांना दाखवायचं काम माझ्याकडं आहे. गावातली कुत्री परक्याला जवळ येऊ देत नाहीत. सर विचारत होते, धरायची कुणी?

शिवम्मा आजी ठणठणीत आहेत. सगळी इंजेक्शनं झाली, डॉक्टरांनीही आता काळजी नाही म्हणून सांगितलं. त्यांना शिबिराचं कळलं तसं काल संध्याकाळी स्वतःच दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "गल्लीतली सगळी कुत्री माझ्या हातची भाकरी खात्यात. मी धरते. तू टोच."

मी त्यांना जाड हातमोजे दिले. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले आणि बाजूला ठेवले. "हे घालून कुत्रं ओळखंल का मला?"

मामा, मी त्यांचे दोन्ही हात धरले, स्वतः मोजे चढवले, मनगटापाशी पट्टी घट्ट केली आणि म्हटलं, "आजी, थोडं तरी भ्या."

तुमची
संघप्रिया